अहवाल उत्तम, पुढचे तुमचे तुम्ही : सांगलीतील एका मूल्यमापन केंद्राविषयी

खासगी शाळेत शिकणाऱ्या मुलाला अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित न जमण्याची अडचण, आहे की नाही हे तपासून घ्यायचे असेल, तर ती सोय आता सांगली-मिरज परिसरात आहे आणि तपासणीचा दर्जाही समाधानकारक आहे. त्यासाठी पुण्या-मुंबईला धावण्याची गरज उरलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तक्रारी बऱ्याच आहेत आणि त्या वाचून कोणी तपासणीच लांबणीवर टाकू नये. विश्रामबागच्या बाजूला असलेल्या ज्या केंद्रात आमच्या चौथीतल्या मुलाचे मूल्यमापन झाले, त्याचे नाव मी येथे देत नाही. माझ्या निम्म्या तक्रारी शाळेच्या आणि एकंदर व्यवस्थेच्या आहेत. त्या सगळ्यांचे खापर एका केंद्राच्या माथी फुटणे रास्त होणार नाही.

ही तपासणी पालकांनी पदरचे पैसे घालून का करून घ्यावी लागते, हे समजल्याशिवाय केंद्राचे मोल ठरवता येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याखालील वैद्यकीय पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन मुले तपासतात, ज्या तीस बाबी तपासायच्या त्यांत अध्ययन अक्षमताही येते, आणि संशयित मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. मात्र सहा ते अठरा वयोगटासाठी हा कार्यक्रम आखला आहे तो शासकीय व अनुदानित शाळांपुरता. समग्र शिक्षा अभियानातील विशेष शिक्षक, जे गट साधन केंद्रातून शाळाशाळांत फिरतात, त्यांचीही वाट साधारण त्याच शाळांकडे जाते. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत बसणाऱ्या मुलाकडे निदान कागदावर तरी कोणी पाहणारे आहे; भरभक्कम फी घेणाऱ्या स्वयंअर्थसहाय्यित शाळेतल्या मुलाकडे मात्र आई-बापाखेरीज कोणी नाही.

कायदा मात्र असा भेद करत नाही. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम १६ शासनाने अनुदान दिलेल्या *किंवा मान्यता दिलेल्या* सर्व शिक्षणसंस्थांना लागू आहे, आणि मुलांमधील विशिष्ट अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून त्यावर योग्य ते अध्यापनाचे उपाय योजणे हे त्यात स्पष्ट नोंदवलेले कर्तव्य आहे. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचना तर आणखी पुढे गेल्या होत्या : तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, सरकारी आणि खासगी दोन्ही शाळांतील शिक्षकांनी प्राथमिक चाळणी करावी आणि त्यासाठी प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली समिती असावी, असे त्यांत म्हटले होते. आमच्या शाळेत या समितीविषयी विचारले तेव्हा कार्यालयातील बाईंनी मला वाहतूक समितीचा दूरध्वनी क्रमांक दिला.

शाळेने दुसरे काहीच केले नाही असे नाही. मध्यंतरी सभागृहात एक शिबिर भरले होते, ज्यात मुलांच्या दहाही बोटांचे ठसे घेऊन त्यावरून बुद्धिमत्तेचा प्रकार, शिकण्याची पद्धत आणि भावी व्यवसाय यांचा रंगीत तक्ता पालकांना देण्यात आला, अर्थात शुल्क आकारून. या ठशांच्या चाचणीला कोणताही वैज्ञानिक आधार नाही. तक्त्यात आमच्या मुलाची भाषिक क्षमता ‘अत्युच्च’ निघाली होती, आणि त्याच महिन्यात मराठीच्या वहीवर बाईंचा शेरा होता : ‘लक्ष देत नाही. घरी वाचन घ्या.’ घरात सासूबाईंचे म्हणणे वेगळेच होते. ‘पोरगं हुशार हाय की, कशाला दवाखानं दावतायसा?’ त्यांचेही खोटे नव्हते. बोलण्यात, हिशेबी खेळांत, सायकलची साखळी बसवण्यात तो वयापेक्षा पुढेच होता. हुशारी आणि वाचन यांत पडलेली ही दरीच तपासणीचे खरे कारण असते, हे केंद्रातल्या मानसशास्त्रज्ञ मॅडमनी नंतर त्यांनाच समोर बसवून समजावले, आणि ते काम त्यांनी फार चांगले केले.

केंद्राची पहिली जमेची बाजू म्हणजे त्यांनी घाई केली नाही. नोंदणीसाठी फोन केला तेव्हाच डोळ्यांची आणि कानांची तपासणी करून त्याचे कागद आणायला सांगितले, आणि बालरोगतज्ज्ञांकडून मज्जासंस्थेची प्राथमिक तपासणी झाल्याशिवाय चाचण्यांची तारीख देणार नाही असेही सांगितले. काही पालकांना हा जाच वाटतो. मला यावरूनच विश्वास बसला. ज्या मुलाला फळा नीट दिसत नाही किंवा उच्च स्वरातील ध्वनी ऐकू येत नाहीत, त्याच्या वाचनाच्या चुका अध्ययन अक्षमतेच्या खात्यावर मांडणे चूक ठरते, आणि शासनाच्या २०१८ च्या सूचनांतही हाच क्रम होता. मिरजेत एकाच गल्लीत नेत्रतज्ज्ञ आणि श्रवणतपासणी दोन्ही मिळतात, त्यामुळे हा भाग पटकन उरकला.

दुसरी गोष्ट अशी की, चाचणी घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञांचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक स्वागतकक्षातील पाटीवर होता आणि अहवालावरही होता. १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असल्याशिवाय चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून किंवा विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही. हा क्रमांक विचारायला पालक संकोचतात. संकोचण्याचे काही कारण नाही. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव शोधता येते, आणि ‘समुपदेशक’ एवढीच पाटी लावून बुद्ध्यंक काढून देणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही.

प्रत्यक्ष चाचण्या वेगवेगळ्या दिवशी सकाळच्या वेळी झाल्या. बुद्धिमत्तेसाठी मालिन यांची भारतीय मुलांकरिता केलेली चाचणी वापरली, जिच्यात शाब्दिक आणि कृतिरूप असे दोन भाग असतात. पालकांना आत बसू देत नाहीत, परंतु दाराला काच आहे. लाल-पांढरे ठोकळे जुळवून कागदावरचा नमुना उभा करायचा होता, तेव्हा मुलगा खुर्चीतून अर्धा उठून, जीभ दातांत धरून, मॅडमचे घड्याळ थांबायच्या आधी हात वर करत होता. त्यानंतर लेखनाचा भाग आला आणि तोच मुलगा पेन्सिलीचे टोक पुनःपुन्हा तपासू लागला. मराठी श्रुतलेखनात ‘कोल्हापूर’ त्याने ‘कोलहपर’ असे लिहिले. मॅडमनी दुरुस्त केले नाही, चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही, फक्त स्वतःच्या कागदावर त्या शब्दासमोर लागलेले सेकंद टिपले आणि म्हणाल्या, ‘छान, पुढचा शब्द घेऊ या का रे?’ बाहेर आल्यावर त्याने मला विचारले, ‘आई, या बाई शाळेत येणार आहेत का?’

वाचन, लेखन, आकलन आणि गणित यांसाठी बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणीमाला वापरली गेली. तिचे दोन स्तर आहेत : पाच ते सात आणि आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी. मूल आपल्या इयत्तेपेक्षा साधारण दोन इयत्ता मागे आढळले आणि बुद्ध्यंक मात्र सर्वसाधारण असला, २०१८ च्या सूचनांनुसार ८५ च्या वर असला, तर विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे निदान पुढे सरकते. हे सर्व आम्हाला आकड्यांसह, पण न घाबरवता सांगण्यात आले.

या केंद्राची शिफारस मी सर्वांत आधी कोणत्या कारणासाठी करीन असे विचारले, तर उत्तर भाषेचे आहे. सांगलीतल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलाची खरी अवस्था अशी असते की, घरी मराठी, वर्गात इंग्रजी, मैदानावर पुन्हा मराठी, आणि वाचनाचा सराव दोन्हीत अर्धामुर्धा. अशा मुलाला फक्त इंग्रजी उतारा वाचायला दिला, तर तो अडखळतो ते अक्षमतेमुळे की भाषाच कच्ची असल्यामुळे, हे कळणार कसे? केंद्राने दोन्ही भाषांत तपासणी केली. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेली ‘डाली’ नावाची डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचनातील अक्षमतेची, चाचणी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा चार भाषांत आहे आणि ती पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी आहे. तिचा मराठी भाग त्यांनी वापरला. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बरेच सरळ असल्यामुळे डिस्लेक्सिया असलेले मूल अक्षरे बरोबर वाचते, पण फार हळू वाचते; इंग्रजीत मात्र स्पेलिंगच्या चुकांचा पाऊस पडतो. आमच्या मुलात नेमके हेच दिसले. मराठीत जोडाक्षरापाशी गाडी थांबायची, इंग्रजीत ‘बी’ आणि ‘डी’ एकमेकांच्या जागी बसायचे. दोन्हीकडे अडचण दिसल्यामुळे ‘इंग्रजी माध्यम झेपत नाही’ हा सोपा निष्कर्ष आपोआप बाद झाला.

प्रतीक्षाकक्षात जत तालुक्यातून आलेल्या एका ताई भेटल्या. त्यांच्या घरी कन्नड बोलतात आणि मुलगी जतच्या इंग्रजी शाळेत आहे. त्या मुलीसाठी बिने-कामत चाचणी निवडली होती. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात ही चाचणी मराठी आणि कन्नड भाषक मुलांसाठीच बसवली होती, हे मला तेथेच समजले. सीमाभागातील मुलांसाठी यापेक्षा सोयीची सुरुवात नसावी, जरी चाचणी आता बरीच जुनी झाली आहे आणि तिच्यातून शाब्दिक व कृतिरूप असे वेगळे गुण मिळत नाहीत. कन्नड येणारी व्यक्ती मात्र केंद्रात रोज नसते. जत, अथणी, चिकोडी या भागांतून मिरजेला उपचारासाठी इतके लोक येत असताना ही उणीव डोळ्यांत भरते. कन्नड भाषक पालकांनी वेळ ठरवतानाच हे विचारून घ्यावे.

आता अहवालाविषयी. तो सांगितलेल्या मुदतीत मिळाला नाही. दोनदा ‘सही राहिली आहे’ असे उत्तर आले. हाती पडला तेव्हा निदानाची पाने निर्दोष होती : प्रत्येक उपचाचणीचे गुण, त्यांचा अर्थ, चाचणीच्या वेळचे वर्तन, सगळे नीट मांडलेले. संपूर्ण अहवाल इंग्रजीत होता. मराठी सारांश मागितल्यावर तो देण्यात आला, पण मागितल्यावर. ज्या घरात अभ्यास आजोबा घेतात, त्या घराला इंग्रजी अहवालाचा उपयोग काय, असा प्रश्न केंद्राला कधी पडला नसावा.

खरी नाराजी शेवटच्या दोन पानांवर आहे, जेथे शाळेसाठी शिफारशी असतात. पहिल्या प्रतीत तेथे ‘पुढच्या बाकावर बसवावे’, ‘जादा वेळ द्यावा’, ‘प्रोत्साहन द्यावे’ अशी कोणत्याही मुलाला लागू पडणारी वाक्ये होती. वर्गशिक्षिकेच्या हातात चाळीस मुले आहेत. ‘प्रोत्साहन द्यावे’ या वाक्याचे त्यांनी सोमवारी सकाळी करायचे काय? मी हे लेखी कळवले. मॅडमनी राग न मानता विशेष शिक्षिकेला सोबत बसवले आणि दुरुस्त प्रत दिली, जिच्यात नेमके लिहिले होते की, फळ्यावरून उतरवून घेण्याऐवजी मुलाला छापील प्रत द्यावी, वर्गासमोर मोठ्याने वाचायला अचानक उभे करू नये, इतिहास-भूगोलाच्या उत्तरांत शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत, गणितातील शाब्दिक उदाहरण त्याला वाचून दाखवावे आणि घटक चाचणीचा काही भाग तोंडी घ्यावा. ही दुसरी प्रत पहिल्याच वेळी मिळायला हवी होती. पैसे दिले जातात ते निदानासाठी, असे वाटते; शाळेत कामाला येतात ती ही दोन पाने.

शुल्काबाबत केंद्र स्वच्छ आहे. टप्प्याटप्प्याने पैसे घेतात, पावती देतात, आणि एकूण रक्कम आमच्या शाळेच्या बसच्या वर्षभराच्या भाड्यापेक्षा कमी भरली. मात्र निदान झाले त्याच बैठकीत उपचारात्मक अध्यापनाच्या सत्रांचे आगाऊ पैशांचे पॅकेज समोर ठेवण्यात आले. पालक त्या क्षणी हो म्हणण्याच्याच मनःस्थितीत असतो, हे ठाऊक असलेल्यांनी तरी तसे करू नये. आम्ही महिन्याच्या महिन्याला पैसे देऊ असे सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले. सत्रे चांगली चालली आहेत, विशेष शिक्षिका मन लावून शिकवतात, तेवढे येथे पुरे.

एका बाबतीत केंद्राने स्वतःहून स्पष्टता ठेवली, त्याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत : खासगी केंद्राचा अहवाल म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र नव्हे. प्रमाणपत्र हवे असल्यास केंद्र शासनाच्या स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करून शासकीय रुग्णालयाच्या वैद्यकीय प्राधिकरणासमोर जावे लागते, तेथे त्यांच्या पद्धतीने पुन्हा तपासणी होते आणि मग दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र मिळते. २०१८ च्या सूचनांत आठव्या, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी प्रमाणपत्राचे टप्पे दिले होते. मार्च २०२४ मध्ये सुधारित सूचना निघाल्या आहेत, म्हणून अर्ज करण्यापूर्वी चालू नियम पाहावेत. दहावीच्या राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती अशा प्रमाणपत्रावर मिळतात, आणि नववीत जाग येणाऱ्या पालकांची तेव्हा त्रेधा उडते. चौथीतल्या मुलाला तूर्त शाळेची समजूत पुरेशी असते, आणि तिच्यासाठी चांगला अहवाल चालतो. चालायला हवा.

आमच्या शाळेत तो निम्मा चालला. मुख्याध्यापिकांनी अहवाल वाचला, तोंडी परीक्षेस आणि छापील प्रतीस होकार दिला, परंतु शुद्धलेखनाचे गुण न कापण्याविषयी ‘इतर पालक काय म्हणतील’ असा मुद्दा काढला आणि लेखी काहीही द्यायला नकार दिला. कलम १६ चा उल्लेख मी आवाज न चढवता केला आणि अर्जावर पोच मागितली. पोच मिळाली. वर्गशिक्षिकेने मात्र कोणाच्या लेखी आदेशाची वाट न पाहता दुसऱ्याच आठवड्यापासून वाचनाची पाळी आली की त्याला आदल्या दिवशी उतारा सांगून ठेवायला सुरुवात केली, आणि अख्ख्या अहवालातली सर्वांत गुणकारी शिफारस तीच ठरली.

माझी मावसबहीण अमेरिकेत असते; तिच्याशी बोलताना तिकडची रीत समजली. तेथे १९७५ मध्ये झालेल्या आणि आता आय.डी.ई.ए. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, अक्षमता असलेल्या मुलांच्या शिक्षणाविषयीच्या कायद्यानुसार, पालकांनी स्वखर्चाने खासगी शाळेत घातलेल्या मुलांमधूनही अक्षमता असलेली मुले शोधून त्यांचे मूल्यमापन करण्याची जबाबदारी ती खासगी शाळा ज्या सार्वजनिक शालेय जिल्ह्यात येते त्या जिल्ह्यावर असते, आणि पालकांना त्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही. पालकांची लेखी संमती मिळाल्यापासून साठ दिवसांत, किंवा त्या राज्याने वेगळी मुदत ठरवली असल्यास त्या मुदतीत, मूल्यमापन पूर्ण करायचे असते. पुढचे मात्र तिकडेही सरळ नाही : मूल खासगी शाळेतच राहिले, तर सार्वजनिक शाळेत मिळाल्या असत्या तेवढ्या विशेष शिक्षण सेवांवर त्याचा वैयक्तिक हक्क राहत नाही, राखीव निधीतून जेवढे मिळेल तेवढे. तरीही निदानापर्यंतची वाट पालकाच्या खिशातून जात नाही, हा फरक लहान नाही. आपल्याकडे शीघ्र हस्तक्षेप केंद्राची इमारत, यंत्रणा आणि माणसे उभी आहेत. खासगी मान्यताप्राप्त शाळांनी चाळणी करून पाठवलेली मुले तेथे नियमाने तपासायची, एवढा एक निर्णय झाला तरी आमच्यासारख्यांना विश्रामबागचे जिने चढावे लागणार नाहीत.

जिने हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे. केंद्र दुसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. ज्या ठिकाणी चालण्यात अडचण असलेली मुलेही येतात, तेथे पालकांनी मुलाला उचलून वर न्यावे, ही गोष्ट रंगीत भिंती आणि खेळण्यांनी झाकली जात नाही. तळमजल्यावर दुचाकी दुरुस्तीचे दुकान आहे. आकडे ऐकून उलट क्रमाने म्हणायची चाचणी चालू असताना खाली कोणीतरी गाडी रेस करत होते. मॅडमनी तो भाग थांबवला, खिडकी लावली आणि वेगळ्या आकड्यांनी पुन्हा घेतला, म्हणून निभावले. लक्ष आणि स्मरण मोजणाऱ्या खोलीला जागा अशी का निवडली, हे त्यांनाच विचारावे लागेल. तोवर नोंदणी करताना सकाळी नऊची पहिली वेळ मागून घ्यावी, कारण खालचे दुकान दहानंतर उघडते. आणि मुलाच्या मराठी, इंग्रजी व गणिताच्या चालू वर्षाच्या वह्या, शेरे न खोडता, सोबत न्याव्यात.